बदलीचा गोल

फखरुद्दीन खोत देशाच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये एकच सामना खेळला, त्यात त्याने एकच गोल मारला, आणि तो गोल गेली सत्तावीस वर्षं भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या हिरामण केणेच्या नावावर होता. आता ह्यात कोणी फसवलं, कोणी चोरलं, असलं काही डोक्यात आणू नका. फखरूने तो आपल्या हाताने दिला होता, हसत हसत दिला होता. आपण काही देतोय हे तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बदलीची चाल आहे. कारागीर गावी गेला किंवा तापाने पडला, की त्याचा मावसभाऊ नाहीतर खोलीतला सोबती त्याच्या लूमवर उभा राहतो. मेहता, म्हणजे कारखान्याचा कारकून, हजेरी मूळ माणसाचीच लावतो. बारा तास राबतो एक, नाव लागतं दुसऱ्याचं, आणि त्यात कोणालाच काही खोटं वाटत नाही. कापड उतरलं ना? झालं तर मग. फखरू अशाच कारखान्यात लहानाचा मोठा झाला. बापाचे अठरा लूम होते, पण कारागीर कमी पडला की मालकाचा हा मुलगाच शिफ्ट काढायचा, कधी ह्याच्या नावाने, कधी त्याच्या.

शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी शहरातली आठ-दहा पोरं सायकली काढून पूर्णाच्या माळावर फुटबॉल खेळायला जायची. तिथेच फखरूला हिरामण भेटला. अख्खं गाव क्रिकेटवेडं आणि हा एकटा आगरी पोरगा फुटबॉलच्या मागे धावणारा. घरचे म्हणायचे, ह्याला कोणीतरी काहीतरी केलंय. हिरा वाऱ्यासारखा पळायचा आणि फखरूच्या पायात नजर होती. दोघांचं असं काही जमलं की एकाने मान वळवली तरी दुसऱ्याला चेंडू कुठे येणार ते कळायचं.

शहाण्णव साली देशाची लीग सुरू झाली. तोवर कोलकात्याची आपली लीग, गोव्याची आपली, मुंबईची आपली. आता सगळे मोठे क्लब एकाच लीगमध्ये, एकमेकांच्या गावी जाऊन खेळणार. ह्या दोघांनी पेपरातली बातमी कापून कारखान्याच्या दारावर चिकटवली. पुढच्या वर्षी मुंबईच्या एका क्लबाने दोघांनाही निवडीला बोलावलं. क्लबाचं नाव आता घेऊन काय करायचं, तो कधीच बुडाला. जागा एकच उरली होती. ती हिराला मिळाली. फखरूला वाईट वाटलं, पण त्याने स्वतःच हिराच्या गळ्यात हात टाकून वडापाव खायला नेलं. मनातून तो म्हणत होता, पुढच्या वर्षी माझा नंबर.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत हिराचा गुडघा सुजला. दोन सामने हुकले होते, तिसरा हुकला तर नाव कापणार असं क्लबाच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं. हिरा लंगडत कारखान्यात आला आणि लूमच्या खडखडाटात फखरूच्या कानाशी ओरडून त्याने सगळं सांगितलं. फखरूने जराही विचार केला नाही. म्हणाला, मी उभा राहतो ना तुझी बदली. इतकं सोपं वाटलं त्याला. क्लबाच्या मॅनेजरलाही अकरा जण हवेच होते, त्याने डोळे मिटून घेतले. ओळखपत्रावरचा फोटो चहा सांडल्यासारखा झाला होता. त्यात दिसत होती ती फक्त मिशी, आणि मिशी दोघांनाही होती, बांधाही सारखाच. मास्तर आणि बरेच खेळाडू त्या मोसमात नवे होते, त्यांनी हिराला जेमतेम दोनदा पाहिलं होतं.

रमजान चालू होता. फखरू रोजा ठेवून मुंबईत कूपरेजच्या मैदानावर उतरला. मध्यंतरात संघाच्या मास्तरांनी ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास पुढे केला. न प्यावं तर सगळे विचारणार, केणे, तू कधीपासून रोजे धरायला लागलास? तो ग्लास त्याने प्यायला. आयुष्यात जाणूनबुजून मोडलेला त्याचा हा एकच रोजा. ईदनंतर त्याने त्याची भरपाई केली आणि लग्न झाल्यावर बायकोला, शमीमला, तेवढं सांगितलं. बाकी कोणाला नाही.

एकसष्टाव्या मिनिटाला डाव्या बाजूने कॉर्नर आला. गोव्याच्या संघाच्या गोलकीपरने चेंडू मुठीने लोटला तो थेट फखरूच्या पुढ्यात. त्याने तो खाली पडूच दिला नाही. जाळीत गेलेला चेंडू त्याला दिसलाच नाही, कारण तोवर चार जणांनी त्याला उचललं होतं आणि सगळे ओरडत होते, हिरा, हिरा! फखरू हसत होता. त्याला गंमत वाटत होती हो. सामना एक-शून्य जिंकला.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, हिरामण केणे, एकसष्टावं मिनिट. हिरा पेढे घेऊन आला आणि अर्धा डबा त्यानेच संपवला. पुढे गुडघा बरा झाला, हिरा आणखी चार सामने खेळला, गोल काही झाला नाही. मोसम संपता संपता क्लब खालच्या स्थानावर घसरला आणि उन्हाळ्यात मालकांनी टाळंच लावलं. फखरूचा नंबर लागायची लीग राहिली, क्लबच राहिला नाही. दुसऱ्या कोणी बोलावलं नाही. बापाला पक्षाघात झाला आणि फखरू कायमचा लूमवर उभा राहिला, ह्या वेळी स्वतःच्या नावाने.

गोल मात्र वाढत गेला. पूर्णात दरवर्षी क्रिकेटची मोठी स्पर्धा होते. तिथे हिरामणला व्यासपीठावर बसवून शाल-नारळ देऊ लागले. ‘राष्ट्रीय फुटबॉलपटू’ अशी पाटी त्याच्या घरावर लागली. सुरुवातीला हिरा अवघडायचा, फखरू दिसला की नजर चोरायचा. मग अवघडणं कमी झालं. मग गोलाचं वर्णनही यायला लागलं, कॉर्नर कसा आला, गोलकीपर कसा पुढे झेपावला. फखरूनेच सांगितलेलं सगळं, शब्दन् शब्द. हिराची मुलगी क्षितिजा त्या गोष्टीवरच मोठी झाली. आज ती एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मुलींना फुटबॉल शिकवते, आणि पहिल्याच दिवशी त्यांना वडिलांचा तो गोल सांगते. फखरू समोर असला की मान डोलवायचा. खरंच सांगतो, त्याला राग यायचा नाही. त्याच्याकडे कारखाना होता, काम होतं, घरात मुलगी जोहा होती. एका गोलावाचून माणसाचं काही अडत नाही असं त्याला वाटायचं.

लीगचं तरी काय झालं? मुंबईचे जुने क्लब एकेक करून बंद पडले. दोन हजार सात साली लीगचं नाव बदललं. चौदा साली नवी लीग आली, फटाके, सिनेमावाले, मोठमोठे दिवे. जुनी लीग वरच्या माडीवरून खालच्या खोलीत गेली. आणि गेल्या वर्षी, पंचवीस साली, त्या नव्या लीगचाही मोसम लटकला. खेळाडू घरी बसून, कोणी चालवायला पुढे येईना. फखरू हे सगळं टीव्हीवर खालच्या पट्टीत वाचायचा. ऐकू त्याला येतच नव्हतं. तीस वर्षं लूमच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाला कान राहत नाहीत. समोरच्याच्या ओठांवरून कळायचं तेवढं कळायचं. त्याच वर्षी त्याचे लूमही गेले. सूत परवडेना, वीज परवडेना. भंगारवाल्याने अठरा लूम घणाने फोडून टेम्पोत भरले. फखरू दारात खुर्ची टाकून बघत बसला. बावन्नाव्या वर्षी हा माणूस रिकामा झाला, आणि मग त्याला तो गोल आठवायला लागला. रोज.

नेमकं तेव्हाच केसरीनाथ आले. हे ठाण्याचे निवृत्त क्रीडापत्रकार. नऊ वर्षं ते एकच काम करत होते, लीगच्या इतिहासाचं पुस्तक. पहिल्या मोसमापासून प्रत्येक सामना, प्रत्येक गोल आणि गोल करणाऱ्याचं नाव. लीग राहील न राहील, कोण कुठे खेळलं ते तरी राहू दे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हिरामणला फोन करून नावाची खात्री केली. हिरा त्याच शुक्रवारी फखरूच्या घरी आला आणि मोबाइलवर त्यांनी पाठवलेलं पुस्तकाचं पान दाखवत म्हणाला, “बघ फकू, माझं नाव हाय. आता कोन पुसनार न्हाय.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो विसरलाच होता. आणि तो विसरलाय हे दिसलं तेव्हा फखरूच्या आत काहीतरी फाटलं.

चार दिवस तो धड जेवला नाही. शेवटी शमीमने ताट सरकवून समोर बैठक मारली आणि काय ते बोल म्हणाली. त्याने सांगितलं. मला पुस्तकात माझं नाव हवं, एक ओळ हवी, फखरुद्दीन खोत, एकसष्टावं मिनिट. कारखान्याची पाटी उतरली, कान गेले, माझ्या नावाचं कुठे काहीच नाही. शमीमने ऐकून घेतलं. ती म्हणाली, मागायचं तर हिराभाईकडे सरळ माग, पाठीमागून काही करू नकोस, पण मागण्याआधी शंभरदा विचार कर. फखरूने शंभरदा काय, एकदाही केला नाही. रिक्षा करून तो तडक पूर्णाला गेला.

ज्या माळावर ते खेळायचे तिथे आता गोदामांची रांग आहे. हिराच्या बंगल्याच्या ओट्यावरून तीच दिसते. सीताबाईंनी, हिराच्या बायकोने, चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. फखरूने मागणं मागितलं. लाज वाटत होती, तरी मागितलं. हिरा गोदामांकडे बघत राहिला. फखरूला वाटलं आता हा उठून आत जाणार, नाहीतर शिव्या घालणार. हिरा वळून त्याच्या समोर तोंड करून बसला, फखरूला ओठ दिसावेत म्हणून.

“तुझाच हाय रे तो. मी कदी न्हाय बोललो? घे.”

फखरूचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. हिराने एवढंच मागितलं की क्षितिजाला तो स्वतः सांगेल, सवड बघून, तोवर फखरूने तोंड उघडायचं नाही. मग आतून कागद आणला आणि तिथेच लिहून सही केली. त्या दिवशी मी मैदानात नव्हतो, गुडघा सुजल्यामुळे घरी पडून होतो, माझ्या नावाने माझा दोस्त फखरुद्दीन खोत खेळला आणि गोल त्याचा. सही करण्याआधी हिराची नजर घरावरच्या पाटीकडे गेली हे फखरूने पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. ह्या एका गोष्टीसाठी तो स्वतःला आजही माफ करत नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं हिराच्या गाडीने ठाण्याला गेले. केसरीनाथांचं घर म्हणजे कागदांचा डोंगर. त्यांनी हिराचा कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. मग फखरूकडे तोंड करून सावकाश बोलले. माणूस सज्जन होता हो, हीच पंचाईत. म्हणाले, आजवर सतरा जणांनी फोन करून अमका गोल माझा होता म्हणून सांगितलं. ज्याच्याकडे पुरावा नाही त्याचं मी घेतलं नाही. तुमचा पुरावा काय?

फखरूने हिराच्या कागदाकडे बोट दाखवलं.

केसरीनाथ म्हणाले, ह्या सहीने एवढंच ठरतं की हे मैदानात नव्हते. हे घरी होते, त्यांनी गोल पाहिला नाही. मग त्या सामन्यात खेळलेल्यांपैकी कोण उरलंय ते शोधलं. मॅनेजर वारला होता, मास्तर वारले होते. केरळचा एक बचावपटू सापडला. केसरीनाथांनी तिथल्या तिथे त्याला फोन लावला. त्याला तो सामना आठवत होता, गोलही आठवत होता. गोल कोणी मारला विचारल्यावर तो आनंदाने म्हणाला, हिराने! आम्ही उचललं होतं त्याला. केसरीनाथांनी हे सांगितलं तेव्हा हिराने मान खाली घातली.

केसरीनाथांनी तरी सोडलं नाही. ते खरंच धडपडत होते. महिना कोणता म्हणालात, जानेवारी? तेव्हा रमजान होता! त्यांचा चेहरा उजळला. रोजा असेल ना तुमचा? मग मध्यंतरात तुम्ही पाणी प्यायला नसाल, आणि पाणी न पिणारा हिरा कोणाच्या तरी लक्षात राहिला असणारच. पुन्हा फोन करतो. त्यांनी फोन उचललाही.

“प्यालो,” फखरू म्हणाला. “कोणाला कळू नये म्हणून प्यालो.”

केसरीनाथांनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी जे होतं ते सांगितलं. फखरुद्दीन खोत हे नाव लीगच्या कुठल्याच कागदात नाही, म्हणून ते लिहिता येणार नाही. आणि हिरामण केणे मैदानात नव्हते हे आता त्यांच्याच सहीने कळलंय, म्हणून तेही ठेवता येणार नाही. केरळच्या माणसाला जो हिरा आठवतो तो तुमच्या दोघांपैकी कोण, हे मी कशावरून ठरवू?

फखरूला आधी वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. त्याने हिराकडे पाहिलं. हिराचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो खुर्चीतून उठून केसरीनाथांचे हात धरायला गेला. म्हणाला, नको मला. माझं नको. त्याचंच ठेवा. कागद फाडा, आम्ही आलोच नाही समजा. आम्ही भिवंडीची माणसं, आमच्यात बदली चालते, त्यात काय एवढं, नाव मूळ माणसाचंच लागतं. लावा ना त्याचं. त्याचा आवाज नको तेवढा मोठा झाला होता. बहिऱ्या माणसाला ते कळत नाही. केसरीनाथांची सून दारात येऊन उभी राहिली.

“तुम्ही आला नसतात तर काही कळलंच नसतं,” केसरीनाथ म्हणाले. “आता मला माहीत आहे. नऊ वर्षं मी एकही ओळ जाणूनबुजून खोटी लिहिलेली नाही, फखरुद्दीनभाई. मला हे सांगू नका.”

परतीच्या वाटेवर फखरू हिराच्या ओठांकडेच बघत होता, पण ते मिटलेलेच होते. माणकोली नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगेत गाडी पाऊण तास अडकली. फखरूने दोन-तीनदा माफी मागितली. हिराने एकदा त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरापाशी उतरवून तो निघून गेला. पुढच्या शुक्रवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फखरूने मेसेज केले. निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही.

दीड महिन्यांनी पुस्तक आलं. त्याआधी क्रिकेटची स्पर्धाही होऊन गेली. जोहाने मोबाइलवर फोटो दाखवले, व्यासपीठावर कोणी निवृत्त फौजदार शाल घेऊन बसला होता. हिरा त्यात कुठेच नव्हता. फखरूने फोटो मोठा करून सगळ्या खुर्च्या पाहिल्या. शमीमने काय बोलायचं ते आधीच बोलून ठेवलं होतं.

आणि एका सकाळी क्षितिजा दारात उभी राहिली. शाळेच्या कपड्यांत, गळ्यात शिट्टी तशीच. शमीमने बस म्हटलं तर ती बसली नाही. तिने पुस्तकाच्या पानाचा झेरॉक्स फखरूच्या समोर टेबलावर ठेवला. वर्ष, तारीख, मैदान, दोन्ही क्लबांची नावं, एक-शून्य. गोलाच्या रकान्यात एकसष्टावं मिनिट, आणि त्याच्यापुढे एक आडवी रेघ. बाकी पानभर प्रत्येक गोलाला नाव होतं. ज्यांना आज कुत्रं विचारत नाही अशा माणसांची नावं, नीट, ठळक अक्षरांत. ह्या एका ओळीत रेघ.

फखरूने त्या रेघेवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. त्याला वाटलं होतं ही पोरगी रडेल, भांडेल, बापाची शाल, घरावरची पाटी, सगळं काढेल. ती तसलं काही बोलली नाही. म्हणाली, बाबांनी मला सगळं सांगितलं. गोल तुम्हीच मारलात, माझा विश्वास आहे. बाबांनी पाटी काढून ठेवलीय, त्याचंही मला काही नाही. ती हे समोर वाकून, ओठ नीट हलवून बोलत होती. लहानपणापासून तिला त्याच्याशी तसंच बोलायची सवय होती. मग तिने विचारलं.

“काका, तुमचं नाव लागणार नव्हतं, तर बाबांचं का काढलंत?”

फखरूला कळलं होतं. पहिल्याच खेपेला, शब्दन् शब्द कळला होता. तरी त्याने कानामागे हात नेला आणि काय म्हणालीस, पुन्हा सांग, अशी खूण केली.

क्षितिजाने तेच पुन्हा विचारलं.